थंडीचं वजन

मत्रहच्या धक्क्यावर, बर्फाच्या कारखान्यात
कुरियाकोस इंजिनियर रोज ओरडतो :
"कुबल, दार!"
लावतो, मी म्हणतो, थंडी बाहेर चाललीय.
"थंडी कुठं जात नाही. ती वस्तूच नाही.
उष्णता आत येतेय."

ऑगस्टची रात्र, अडीच वाजलेत, बाहेर पारा अडतीसवर.

त्याच्याकडे एक पाठ सुटलेलं पुस्तक आहे.
त्यात साडेतीनशे वर्षांपूर्वीचे शहाणे भांडतात.
थंडीचं माहेर कुठलं? पाणी? माती? की हवा?
कुणी म्हणतो, तिचे कण असतात, सुईसारखे,
ते घुसले की पाणी ताठ होतं.
कुणी म्हणतो, ऊब म्हणजे निव्वळ थरथर.
शेवटी एकानं गोठवणाऱ्या रात्री
पाणी तोलून बाहेर ठेवलं.
सकाळी बर्फ तोलला.
वजन तेवढंच.

मी हसलो. पण सुरमईचा काटा रिकामाच होता.
बारा किलो पाणी, डब्यासकट.
पाळी संपताना पाहिलं :
डब्याचं पोट सुटलेलं, झाकण उचललेलं,
आणि काटा बारावरच.
एवढं फुगून आत नवं काही नाही,
आमच्या माजी सरपंचासारखं.

कुरियाकोसला मानलं मी.
पण त्याला मराठी येत नाही.
आमच्याकडे थंडी वाजते.
जी नाहीच, ती वाजते कशी?
आणि ऊन लागतं,
जसा उंबरा लागतो, लळा लागतो.

परवा दादुल्लाला लागलं.
माशांच्या पाट्या उतरवता उतरवता गप्प झाला, आडवाच.
आम्ही त्याला बर्फाच्या चुऱ्यात ठेवला, कानांपर्यंत.
कुरियाकोस त्याची मनगटं चोळत होता, पुस्तकातलं काही न बोलता.
बऱ्याच वेळानं दादुल्लाचे दात वाजले.
त्याची बलुची आम्हा कुणालाच कळत नाही.
हे कळलं.

पुस्तकात पुढं तीन वाडगी आहेत.
एक हात गरम पाण्यात, एक गारात,
मग दोन्ही मधल्या, कोमट वाडग्यात.
एक हात म्हणतो गार, दुसरा म्हणतो गरम,
पाणी एकच.

डिसेंबरात निवतीला जातो तेव्हा
बायको विचारते, कसं वाटतंय घरी?
मी हात खिशात घालतो.
दोन्ही.