कॉव्हेंट्रीतली संकष्टी, जून

शरयूचा फोन: गुडघा ठणकतोय, साबुदाणा
पुन्हा घशाशी आलाय,
आणि भगरीचा पुडा इथे चांदीच्या भावात.
दाण्याचं कूट कमी घाल, म्हटलं.
मग उपास कसला, म्हणाली.

साडेनऊ. ऊन अजून कुंपणावर.
चंद्रोदय पाऊण वाजता.
डायबेटिसची गोळी जेवणासोबत घ्यायची,
जेवण चंद्रासोबत,
चंद्र कुणासोबत, ते नर्सनं लिहून दिलेलं नाही.

मग बीपीला लसूण, मग तिच्या जावेची बायपास, मग एकदम,
"तो बघत असेल का गं?"
कोण, डॉक्टर?
हसली. खोकली. बराच वेळ
नुसती तिच्या फ्रिजची घरघर.

पाऊणला दोघी आपापल्या मागच्या दारात,
फोन कानाला.
ढगच ढग.
"दिसला," ती म्हणाली.
मी कुकरचं झाकण काढलं.