दीडशे मीटर

पुंता अरेनासच्या नाविकशाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
खिडक्या वाऱ्याने रात्रभर दात वाजवतात.
वुकासोविच मास्तर फळ्यावर एकच आकडा लिहितात:
एका मायक्रोसेकंदाला दीडशे मीटर.
"प्रकाश तीनशे धावतो, पण आपल्या हाकेला जायचंही असतं, यायचंही.
ज्याला परत यायचंय त्याचा पल्ला निम्मा धरावा."
मी वहीत उतरवते.
बोटांना अजून खेकड्यांच्या आमिषाचा वास.

मोजायला शिकले.
सामुद्रधुनीपलीकडचा पोर्वेनीरचा किनारा: दोनशे तीसच्या वर थोडं.
फेरीबोट: एकशे दहा. एकशे नऊ. येतेय.
हाक जरा उंच सूर लावून परतली तर समोरचा जवळ येतोय,
सूर उतरला तर लांब चाललाय.
जो आडवा जातो, ना जवळ ना लांब,
त्याला यंत्र खडकात जमा करतं
आणि पडद्यावरून पुसून टाकतं.
माझा बाप गेली चार वर्षं
स्वयंपाकघरातून असाच आडवा जातो.

"आणि अगदी जवळचं?" मी विचारलं होतं.
मास्तर हसले. "ओरडत असताना त्याचे कान बंद असतात, यास्ना.
एक मायक्रोसेकंद ओरडलं, तर पहिले दीडशे मीटर आंधळं.
काखेतला कळसा त्याला दिसत नाही."

बापाची नाव लाकडी. नाव तिचं पोर्फियादा, म्हणजे हट्टी.
लाकूड हाकेला धड ओ देत नाही,
थोडी गिळतं, बरीचशी पलीकडे सोडून देतं.
मी छपराचे जुने पत्रे कापले, तीन पत्रे काटकोनात जोडले:
कुठूनही आलेली हाक तीन भिंतींवर आपटून
आल्या वाटेनेच माघारी जाते.
डोलकाठीला बांध म्हटलं.
"हे काय, कोंबड्यांचं खुराडं?" म्हणाला,
आणि चुलीमागे ठेवून दिलं.

जुलैतली रात्र. सराव माझा.
पडदा लाटांनी भरलेला, पीठ सांडल्यासारखा.
उंबरठा खाली आणला की प्रत्येक लाट पाहुणी होऊन घरात शिरते.
वर नेला की दारातूनच
कुणाचीतरी होडी माघारी जाते.
मास्तर मागे उभे, काही सांगत नाहीत,
हातातल्या मातेच्या भांड्यातून नळीने सुर्र करतात.

तो कुठे असेल मला ठाऊक होतं.
इंजिन बंद करून सापळे ओढत असेल, जागच्या जागी.
म्हणून स्थिर वस्तू पुसणारी चाळणी मी बंद केली.
सगळे खडक परत आले. येऊ देत.
सोळा हाका मारल्या, सोळांची बेरीज घेतली.
गोंगाट वेगवेगळ्या दिशांनी ओढतो, आपल्यातच भांडतो,
सोळात जेमतेम चौपट होतो;
ओ देणारा मात्र दर वेळी तेच म्हणतो
आणि सोळापट होतो.

नकाशातले खडक एकेक करून बाजूला काढले.
त्रेपन्नवर एक ठिपका उरला.
तिथे खडक नाही.
लाकूड इतकं उजळत नाही.
मी पुन्हा सोळा हाका मारल्या. त्रेपन्न.
पुन्हा. त्रेपन्न.
"काय आहे?" मास्तरांनी विचारलं.
"खुराडं," मी म्हटलं, आणि नोंदवहीत लिहिलं: मासेमारी नाव, आठ किलोमीटर, स्थिर.

पहाटे घरी आलो तेव्हा दोघेही गोठलेले.
त्याने बूट काढले, ओले मोजे चुलीवर टांगले.
चुलीमागची जागा रिकामी होती, तिथे फक्त धुळीत तीन रेघा.
पाठमोऱ्यानेच विचारलं, "दिसलं का काही?"
माझ्याकडे सांगण्यासारखं इतकं होतं:
मायक्रोसेकंद, उंबरठा, सोळा, चार वर्षं.
"त्रेपन्नवर," मी म्हटलं, आणि गप्प बसले.
त्याने बराच वेळ पाव कापला.
मग बोलायला लागला, हळूहळू, जाळ्यांबद्दल, आईबद्दल.

आमचं टेबल एक मीटर वीस आहे.
नंतर मोजलं मी.