पाच प्रती

प्रकाशक म्हणाले, पाच जण शोधा.
छापण्याआधी वाचणारे. नातेवाईक नकोत.
मलपृष्ठावर दोन-दोन ओळी टाकू त्यांच्या.
मी रविवार कारंजावरून पाच झेरॉक्स काढून आणल्या,
स्पायरल बाइंडिंग, वर निळं प्लास्टिक,
आणि स्कूटीवर पायापाशी ठेवल्या. द्वारकेच्या सिग्नलला
माझी नायिका माझ्याच टाचांमध्ये दबून बसलेली.

गोष्ट अशी, की देवळालीत लॅम रोडच्या आतल्या अंगाला
साहेबाच्या काळातला बंगला, वरची खोली कायम बंद,
आणि खाली एक माणूस, जो तिच्यावर जीव टाकतो
आणि आरशात दिसत नाही.
हे मला सुचलं नाशिकरोडला, नोटांच्या छापखान्यात,
खराब कागद बाजूला काढता काढता.
तिथे एक कागद कमी भरला तर गेट बंद होतं.
सापडेपर्यंत कुणी घरी जात नाही.

भडांगे सरांनी प्रत हातातच घेतली नाही.
"प्रेम की भूत? एक काहीतरी ठेवा," म्हणाले,
आणि चष्मा पुसत बसले.

सिस्टर फिलोमिना गांगुर्डेंनी रात्रपाळीत वाचली.
"तुमच्या भुतानं वॉर्ड पाहिलेला नाही.
पहाटे तीनला कुणी किंचाळत नाही, बाई.
पाणी मागतात."
मी तीन किंकाळ्या खोडल्या.

पिंपळगावचे खैरनार, कोल्ड स्टोरेजवाले,
पेट्यांवर नंबर टाकायच्या जाड पेनाने
समासात लिहून पाठवतात:
मेलेला हात बर्फासारखा नको.
द्राक्षाच्या पेटीत हात घातल्यासारखा करा.
ओलसर गार, आणि नाकाशी थोडा गंधक.
हे मला आयुष्यात सुचलं नसतं.

झरीन आंटींच्या बंगल्यावर तर मी बेतलंच होतं सगळं.
त्या हसल्या. "वरची खोली आम्ही पण बंद ठेवतो, दीकरी.
गळते म्हणून."
मग चहात पुदिना टाकत, खाली बघत,
"पण त्या माणसाला मारू नको हां."

केतकी बोरस्ते, अकरावी सायन्स,
हिचा पहाटे साडेचारला मेसेज:
झोपले नाही. अभिप्राय म्हणजे नक्की काय लिहायचं असतं?

पाचवा मिळेना.
एक प्रत महिनाभर डिकीत, हेल्मेटखाली.
मग झेरॉक्सच्या दुकानातला वाल्मीकच म्हणाला,
"मॅडम, एक विचारू? रागावू नका.
काढता काढता वाचली मी.
एकशे अकराव्या पानावर ती कडीला हात लावते.
एकशे तेराव्यावर जिन्यात बसलेली, हात काळे.
मधलं पान तुम्ही दिलंच नव्हतं.
दार उघडलं का तिनं?"

चूक शोधायचा पगार घेते मी.

चौघांना फोन केले. चौघांनाही विचारलं,
दारामागे काय होतं?
सिस्टर म्हणाल्या, एक म्हातारी, तिला पाणी दिलं ना हिनं.
खैरनार म्हणाले, काहीच नव्हतं, पण वास होता.
आंटी म्हणाल्या, बादली. भरून वाहत होती.
केतकीला माझा प्रश्नच कळला नाही:
"तोच होता ना. अजून कोण असणार?"
पान नव्हतं, हे एकानेही सांगितलं नाही.

वाल्मीकने मग बिलबुकाच्या पाठीमागे दोन ओळी लिहून दिल्या:
एक पान कमी असून वाचली.
दुकानाचं शटर अर्धं उघडं ठेवून वाचली.

प्रकाशकांचा आज परत फोन. अंतिम प्रत कधी?
खरं पान घरीच होतं, शब्दकोशाखाली.
त्यात मी लिहिलंय की दार उघडतं आणि आत
उगाच एक लांबलचक वारा असतो.
वाचून मलाच कंटाळा आला.

रात्रीचे सव्वादोन. पान टेबलावर आहे.
गेट मी बंद ठेवलंय.
ती जिन्यात, तो खाली, आरसा रिकामा.
कुणी घरी जात नाहीये.