आवक-जावक

मे महिना, भुसावळ. रात्रीचे अकरा वाजून गेले तरी
राउटरला हात लावला की चटका बसतो.
पालथ्या ताटलीवर ठेवलाय त्याला, कूलरच्या वाऱ्यात.

आप्पा विचारतात, "इतकं काय मोजतीस?"
सांगते, या डब्याला चार दारं:
एक बाहेरचं, कंपनीच्या तारेचं,
एक माझ्या टेबलाच्या वायरचं, एक वाय-फायचं,
आणि एक वेगळं, फाटकावरच्या कॅमेऱ्याचं.
डेटा वीस तारखेलाच संपतो.
कुठल्या दारातून जातो, बघतेय.

आप्पा हसले. एकतीस वर्षं यार्डात नंबर टिपले त्यांनी,
बगलेत टॉर्च, कानावर पेन्सिल,
कुठल्या लाइनीवर कुठली वॅगन आली, कुठली सुटली.
आत काय, ते क्वचित कळे;
केळी माश्यांवरून. बाकी सीलबंद.

माझी बेरीज दुप्पट यायची.
त्यांनी कागद चष्म्याजवळ धरला.
"हे ब्रिज म्हंजे? वायर अन् वाय-फाय जिथं एक होतात?
मग तीच गाडी दोन जागी मांडलीस की.
एक डबा दोनदा नोको मोजू."

लाइट गेली की आकडे शून्य.
राउटरला कालचं आठवत नाही,
म्हणून दर तासाला लिहिते, त्यांच्याच जुन्या वहीच्या
कोऱ्या पानांवर, जिथं वर छापलंय: आवक, जावक.

चोर सापडला चौथ्या रात्री. माझाच लॅपटॉप,
गुपचूप अपडेट ओढत बसलेला.
मामला तिथंच मिटला असता,

पण कॅमेऱ्याचं दार.
दिवसभर गप्प, आणि रोज पावणेदोनला जावक:
साठ एमबी, कधी सत्तर.
तो आपणहून काही पाठवत नाही,
तिकडून कुणी उघडलं तरच.
पासवर्ड दोघांकडे. मी, आणि हेमराज,
जो सुरतेला रात्रपाळी करतो,
आणि दोन दिवाळ्या झाल्या, आप्पांशी बोललेला नाही.

आकडा किती ते सांगतो, काय ते नाही.
पावणेदोनला फाटकातून दिसण्यासारखं असतं काय?
तुळस, सायकल,
आणि उकाड्यामुळं अंगणात टाकलेली आप्पांची खाट.

वही पुढं केली. बोट त्या रकान्यावरून खाली गेलं,
पुन्हा वर आलं.
"ही गाडी टायमात आहे," एवढंच म्हणाले.

आज त्यांनी खाट दिव्याखाली ओढली.
म्हटलं, किडे येतील, आप्पा.
येऊ दे, म्हणाले, आणि कुशीवर वळले,
फाटकाकडे तोंड करून.