सर्व्हिस रिपोर्ट, मनामा

गुरुवारी रात्री साडेआठला कॉल आला:
अदलियातला क्लब, मागची खोली, एसी गुरगुरतोय.
मी शिडी लावली.
खाली आयर्लंडची आठदहा माणसं, खुर्च्या गोल,
तोंडं आत, पाठी जगाकडे.
माईक नाही, हार-नारळ नाही.
आमच्याकडे निदान बुवाला खांद्यावर टॉवेल असतो.

कव्हर काढेपर्यंत कळलं,
सगळे एकच चाल वाजवतात, कोणी कुणाच्या पुढे नाही.
फिडलवाली नूला, इस्पितळातली मोठी सिस्टर,
डोळे मिटून वाजवते
आणि मिटल्या डोळ्यांनी सगळ्यांवर नजर ठेवते.

गिटार घेऊन एक नवा पोरगा आला.
खोलीत आधीच एक गिटार होती,
आणि दोन गिटारी म्हणजे एका सुनेला दोन सासवा.
कोणी काही बोललं नाही.
नूलाने फक्त विचारलं, चहा घेणार का, बाळा?
चहा येईस्तोवर तीन चाली संपल्या,
पिईस्तोवर पाच.

फिंटन बँकेतला. त्याच्याकडे परातीएवढा डफ,
बकऱ्याचं कातडं, आणि वाजवायला
लाटण्याचं पिल्लू शोभेल असं दांडकं.
बाहेर ऑगस्ट, हवेत अख्खा समुद्र:
दारातून आत येतानाच कातडं ओल्या पापडासारखं.
आत माझा एसी:
दहा मिनिटांत तेच कातडं बिस्किटाचा डबा.
तो बाटलीतलं पाणी बोटाने लावत बसला.
'बुडव की एकदाच,' बासरीवाला म्हातारा म्हणाला.
सगळे हसले. फिंटनही हसला.
ठेकेवाल्याने हसायचं असतं, हे तिथेही ठरलेलं दिसलं.

चारचं आलं: केरवा.
सहाचं आलं: दादरा, जरा बस चुकल्यासारखा.
मग नऊचं काहीतरी आलं.
मी फिल्टर हातात घेऊन मोजतोय, मोजतोय,
सम हातातून निसटतेय,
आणि एकदम उमगलं: दीड दादरा!
माझा स्क्रूड्रायव्हर शिडीच्या पायरीवर पडला,
ठण्ण, नेमका समेवर.
पुढच्या दोन समांवर तो पडला नाही.
मी मारला.

नूलाने एक डोळा उघडला. एकच.
'चहा घेणार का, मिस्टर धुरी?'

खोली फुटली. सगळ्यात मोठ्याने फिंटन,
बिचाऱ्याला आज सुट्टी मिळाली होती.
मी स्क्रूड्रायव्हर दातात धरला
आणि चाळीस वर्षं मागे गेलो.
कुडाळला, डबलबारीत, न विचारता
दुसरा पखवाज घेऊन बसलो होतो. वय सोळा.
बुवांनी गजर थांबवला नाही,
नुसते वाकले आणि म्हणाले, 'विडो घेवन ये.'
दुकान तीन मैलांवर. रात्री एक वाजता. बंद.
ते बुवांना माहीत होतं.
परत आल्यावर म्हणाले,
'हात खाजवतत म्हणान वाजवचा नसता.'
विडा मागितला नाही.

ब्लोअरचा स्क्रू सैल होता, आवळला.
गुरगुर थांबली. खोली गार, एकदम रिकामी.
त्यांनी नवी चाल धरली,
दोन फेऱ्यांत ती लंगडली आणि बसली.
एकमेकांकडे पाहू लागले.
'खालून काहीतरी गेलं,' म्हातारा म्हणाला.

मला वरून आधीच कळलं होतं.
दोन वर्षं ते यंत्र त्यांच्याखाली
एकच सूर धरून बसलं होतं,
किंचित उतरलेला, पण बसलेलं.
कोणी बोलावलं नव्हतं त्याला,
कधी चहा विचारला नव्हता.

मी खाली उतरलो, फॉर्म भरला.
तक्रार: आवाज.
कारण: ढिला स्क्रू.
काम: पूर्ण.
गिऱ्हाईकाचा शेरा, हा रकाना
माझ्या सतरा वर्षांत कोणी भरलेला नाही.
नूलाने चष्मा लावला, बराच वेळ लिहिलं:
'थोडासा परत सैल करून मिळेल का?'

फिंटन शिडी धरून उभा राहिला.