अकरा मिलिमीटर

भवानी पेठेत, टिंबर मार्केटात
वालजीभाईंनी वही मिटत विचारलं,
"सुतार कोण आहे, ताई?"
मी म्हटलं, मीच.
त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली
आणि फळ्या मोजायच्या सोडून
एकदा मलाच मोजलं.

जुना साग, कुठल्याशा गोदामाच्या छपराचा.
खिळ्यांची भोकं काळी पडलेली,
कापला की आतून अजून तेलकट,
नव्या पाकिटासारखा वास.
नऊ घनफूट.
दिघीपर्यंत टेम्पोवाल्याने
ओझ्याचे कमी, चढाचे जास्त घेतले.

बत्तीस वर्षं खडकीच्या फॅक्टरीत मी गेज लावले.
'गो' आत गेला पाहिजे, 'नो-गो' बाहेर राहिला पाहिजे,
एवढंच काम.
केसाच्या दहाव्या हिश्शासाठी
ट्रेच्या ट्रे परत पाठवलेत,
एका फिटरला रडवलंय.
लाकूड मला काय शिकवणार होतं?

लाकडाने पहिल्याच आठवड्यात
रंधा गाठीवर अडवला.
उलट्या रेषेने तासलं तर
कसं बोचकारतं, तेही दाखवलं.
हिरोजी पांचाळ संध्याकाळी येऊन पायरीवर बसायचे.
मोतीबिंदू काढलेला, डोळ्यावर हिरवी पट्टी,
दुसऱ्या डोळ्याने तसंही दिसत नव्हतं.
ऐकायचे फक्त.
"करकरतोय. पातं मागं घ्या."
"हां. आता शिट्टी वाजली."
मग ढलपी मागून घ्यायचे
आणि ओठांवरून फिरवून जाडी सांगायचे.
मी व्हर्नियर लावून बघायचे, गुपचूप.
चुकले नाहीत कधी.

चार कुसवं, चार खाचा.
पटाशीने कोपरे काढताना
डाव्या अंगठ्याचं नख गेलं.
जावई म्हणाले, यूपीव्हीसी घ्या,
दोन दिवसांत बसवून देतात, दहा वर्षांची गॅरंटी.
म्हटलं, माझीही साधारण तेवढीच आहे.

मग गंजलेली पत्र्याची खिडकी उपटली,
तिथे चौकट ठेवली,
आणि ती बसली नाही.

गुण्या लावला. चौकट काटकोनात.
ओळंबा सोडला.
भिंत कललेली,
वरून खाली अकरा मिलिमीटर.

शशिकांत पोस्टात होता, गवंडी नव्हता.
रविवार रविवार करून रचलेली भिंत.
आणि ओळंब्याची दोरी
वर स्टुलावर उभं राहून मी धरली होती.
मी.
अकरा मिलिमीटर मला तेव्हा दिसले नसतील
असं मी कुणाला सांगू?
अंधार पडत होता. माल सुकत चालला होता.
त्याने खालून विचारलं, "बघ गं, बरोबर आहे?"
मी म्हटलं होतं, "चालेल."
फॅक्टरीत हा शब्द
आयुष्यात एकदाही वापरला नाही.

हिरोजींनी भिंतीवरून हात फिरवला.
"पाडायची?"
"नाही."
"मग लाकूड तासा."

दोन दिवस लागले.
डावी उभी पट्टी वर जाड, खाली बारीक,
अकरावर शून्य येईपर्यंत.
चांगल्या काटकोनातली चौकट मी हाताने बिघडवली,
आणि ती भिंतीत अशी गेली
की हातोडी खालीच राहिली.

जवसाचं तेल, लुकण, काचा, पितळी बिजागऱ्या.
आता एक झडप आपोआप उघडते,
हळू, कुणी बोलावल्यासारखी,
आणि अर्ध्यात थांबते.
तिला अडवायला मी
निरोप समारंभात मिळालेला 'नो-गो' फटीत खोचलाय.
बरोबर आत जातो.

अजून तीन खिडक्या करायच्यात.
हिरोजी म्हणतात, आधी भिंती मोजून घ्या.
घेईन.
ओळंबा खुंटीवर आहे.
आज नको.