खडे

दाखला लिहून तयार होता,
हेडसरांनी शाईसुद्धा वाळू दिली होती.
आठवी ब, संग्राम मदने.
वर्तणुकीच्या रकान्यात नुसती एक रेघ.

गुन्हा साधा : खिचडीच्या पातेल्यात
निरम्याचा आख्खा पुडा.
एकशे बेचाळीस ताटल्या त्या दिवशी कोरड्या परतल्या
आणि म्हसवडच्या बाजारापर्यंत बातमी गेली
की मालनबाई खुडे भांडी धड विसळत नाही.

मी म्हटलं, सर, शनिवारपर्यंत थांबा.
का म्हटलं, ठाऊक नाही.
माझ्याच कपाटात, नकाशांच्या गुंडाळ्यांमागं
निरगुडीचा फोक अजून होता.

शनिवारी शाळा सुटल्यावर
बसकरपट्ट्या गोल अंथरल्या.
नदीकडून वाळूचा वारा;
माणगंगेत त्या दिवसांत तेवढंच वाहतं.
संग्राम, त्याचा बाप, मालनबाई, मी.
हेडसर खुर्ची सोडेनात,
मग खुर्चीसकट गोलात आले.

मालनबाई खिचडीबद्दल बोललीच नाही.
म्हणाली, चार दिस झालं, मी मागच्या बोळानं घरी जाते.
म्हणाली, माझी पोरगी मला इचारती,
आये, तू खरंच हात धुत न्हाईस का?
पदर डोळ्याला लावला नाही तिनं,
पट्टीचा सुटलेला दोरा ओढत राहिली.

बापानं हात उगारला.
हेडसर म्हणाले, खाली घ्या.
मला त्यांचंच नवल वाटलं.

का केलंस, मी विचारलं.
गंमत, तो म्हणाला. जमिनीला म्हणाला.

मग मालनबाईला विचारलं, आता काय व्हावं?
पाया पड म्हणेल, असं वाटलं होतं.
ती म्हणाली,
माफ बिफ मी काय केलं न्हाई.
पर सोमवारी साताला ये.
तांदळात लई खडं असत्यात.

तो आला.
सूप घेऊन दोघं, मधे चुलीचा धूर.
पहिले तीन दिवस फक्त खड्यांचा आवाज
पत्र्याच्या डब्यात : टक्.
बराच वेळ काही नाही.
टक्.

चौथ्या दिवशी मान वर न करता तो बोलला.
मागल्या साली, समद्यांम्होरं, तुमी म्हणला हुता,
दुसऱ्यांदा मागतूयास,
घरात चूल पेटत न्हाई व्हय रं?
तवा आई मिरजंच्या दवाखान्यात हुती.
पेटत नव्हती.

मालनबाईचं बोट सुपात थांबलं.
म्हणले आसन, एवढंच म्हणाली.
दुपारी त्याच्या ताटात वाढताना
पळी जरा अडखळली,
मग पुन्हा एकदा पातेल्यात गेली.
न मागता.

इथं संपवावी, तर गोष्ट संपत नाही.
संग्राम अजून मारामाऱ्या करतो.
गेल्या आठवड्यात एकाचा शर्ट फाडला,
मग स्वतःच शिवायला बसला, दोरा भलत्याच रंगाचा.
गावात म्हणतात, बाईंनी लाडावून ठेवलंय.
दाखला हेडसरांच्या खणात आहे. फाडलेला नाही.

आणि फोक.
तो मी बजरंग तुपेच्या पाठीवर ओढला होता
अकरा वर्षांपूर्वी, सतराच्या पाढ्यापायी.
दुसऱ्या दिवशी तो आला नाही,
त्यानंतरही नाही.
माझं तेव्हा कुणी काही विचारलं नाही,
उलट वर्ग कसा गप्प बसतो म्हणून कौतुक झालं.
स्टँडमागं त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे.
मी रोज एसटीतून उतरते
आणि रोज पलीकडून वळसा घेते.
मागच्या बोळानं, म्हणा.

काल गेले.
काय बोलायचं ते घोकून गेले होते, पाढ्यासारखं,
आणि पाढ्यासारखंच मधेच विसरले.
त्यानं तोंडावरची काच वर केली. ओळखलं.
बराच वेळ पाहत राहिला.
मग काच खाली घेत म्हणाला,
बाई, मागं सरका. ठिणग्या उडत्यात.

मी मागं सरकले.
गेले नाही.